मोरचेलाचं भांडण

ओरोसच्या कचेरीत दाखल्याच्या रांगेत दोन अनोळखी माणसं भेटली, की पहिला प्रश्न ठरलेला: "तू खंयचो?" 'वाडीचो' म्हटलं की मालवणकर गालातल्या गालात हसतो. 'मालवणचो' म्हटलं की वाडीकर जरा सावरून बसतो. हे भांडण जुनं आहे.

वाडी म्हणजे सावंतवाडी, सावंत-भोसल्यांची गादी. मालवणला स्वतःची गादी नव्हती. सिंधुदुर्ग किल्ल्यासकट ते कोल्हापूरकर छत्रपतींकडे होतं. पण दोघांचं वळण निराळं, ते निराळंच.

वाडीची गंजिफा बघा. चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेला गोल पत्ता, त्यावर रंग, वर लाखेची चकाकी. दशावतारी संचात पत्ते 120. दिवसा खेळायला बसलात तर पहिला मान रामाचा, दिवेलागण झाल्यावर बसलात तर कृष्णाचा. पत्त्यांतसुद्धा कोणाचा मान कधी, हे ज्यांनी ठरवून ठेवलं, त्यांचा दरबार कसा असेल!

मालवणात मान दर्याचा. 1664 साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. आत शिवराजेश्वराच्या देवळात महाराज बसलेत ते दाढीशिवाय, डोक्यावर कोळ्यासारखी टोपी घालून. मला ही मूर्ती सगळ्या अश्वारूढ पुतळ्यांहून जवळची वाटते.

अशीच दोन निराळी वळणं ग्रीसमध्येही होती: अथेन्सची भिस्त आरमारावर, तर स्पार्टाला आपल्या शिस्तीचा इतका ताठा की नगराला तट बांधणंही कमीपणाचं वाटे. दोघं 27 वर्षं लढली, खिळखिळी झाली, आणि पुढे उत्तरेकडचा मॅसिडोनिया सगळ्यांच्या उरावर बसला.

आपल्याकडे भांडणाचं कारण तर फारच किरकोळ. शिंद्यांच्या वशिल्याने तिसऱ्या खेम सावंतांना दिल्लीच्या बादशहाकडून 'राजेबहादूर' किताब आणि मोरचेल मिळालं. मोरचेल म्हणजे राजावर ढाळायचा मोरपिसांचा कुंचा! तो कोल्हापूरकरांना खुपला आणि वर्षानुवर्षं गावं जळत राहिली. ज्यांची घरं जळली, त्यांच्यातल्या किती जणांनी ते मोरचेल पाहिलं असेल?

1812 साली चाचेगिरीचं निमित्त करून इंग्रजांनी कोल्हापूरकरांकडून मालवण घेतलं आणि त्याच साली वाडीकरांकडून वेंगुर्ले. दोघांचीही बंदरं गेली.

1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून आपला जिल्हा वेगळा निघाला. नाव मिळालं मालवणच्या किल्ल्याचं; कचेऱ्या आल्या ओरोसला, ना वाडीत ना मालवणात. रांगेतले ते दोघे तोवर बांगड्याच्या भावावर आलेले असतात. खिडकी मात्र अजून उघडलेली नसते.