अर्ध्याची रेघ
(रेडिओवरील भाषण)



मी निगडीच्या यमुनानगरात राहतो. टूलरूममध्ये फिटर म्हणून चौतीस वर्षं काम केलं, आता निवृत्त आहे. एकाग्रता, कृतज्ञता, आयुष्याचा हेतू यांवर चार शब्द बोला, असं मला सांगितलं गेलं. यांतले पहिले दोन शब्द मला कारखान्यातच कळले, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मायक्रोमीटर ज्यांनी हातात धरला आहे, त्यांना माझी चूक लगेच कळेल. त्याच्या नळीवर मिलिमीटरच्या रेघा असतात आणि मधे मधे अर्ध्या मिलिमीटरच्या. माप अर्ध्याच्या जवळ आलं की ती अर्ध्याची रेघ डोकावायला लागते, पूर्ण उघडलेली नसते. तिसरी पाळी होती, पहाटेचे तीन वाजून गेले होते. घरी आदल्या दिवशी कर्जाच्या हप्त्यावरून बोलाचाली झाली होती आणि मी मनात अजून तीच वाक्यं फिरवत होतो. समोर डायचा एक पंच होता. माप लागलं होतं २०.४५, हवं तेवढंच. मी वाचलं २०.९५. अर्धा मिलिमीटर जास्त आहे असं समजून ग्राइंडिंगला लावला आणि घासून टाकला.

पंच भंगारात गेला. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी त्या पंचाचं जॉबकार्ड माझ्यापुढे ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "वाच." त्यावर सह्या होत्या. पोलाद कापणाऱ्याची, मिलिंगवाल्याची, हीट ट्रीटमेंटवाल्याची, पहिलं ग्राइंडिंग करणाऱ्याची. माझ्या हातात येण्याआधी त्या तुकड्यावरून चौघांचे हात फिरले होते. चौघांनी आपापलं माप नीट धरलं होतं, आणि मी घरचं भांडण मनात घोळवत ते सगळं दोन मिनिटांत पुसून टाकलं. त्या रात्रीपर्यंत मला वाटायचं, लक्ष देणं म्हणजे आपली नोकरी सांभाळणं. जॉबकार्ड वाचल्यावर कळलं, ते त्या चौघांचं देणं आहे.

आमच्या भागात हे देणं फेडायचा एक दिवस असतो, खंडेनवमी. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, कुठल्याही शेडमध्ये जा. मशीन बंद करून धुतात, पुसतात, तेलपाणी करतात, झेंडूच्या माळा घालतात, नारळ फोडतात. बऱ्याच ठिकाणी घरच्यांनाही आत येऊ देतात. एका वर्षी मी आईला नेलं. ती माण तालुक्यातली, आयुष्य बैलांमागे गेलेलं. सगळा सोहळा बघून म्हणाली, "हा तर तुमचा बेंदूर की रं." मग हातातल्या वाटीतली हळद सावरत मशीनभोवती एक फेरी मारली आणि मला विचारलं, "ह्याचा खांदा कुठाय?"

बेंदूर हा बैलांचा सण. त्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. जिथं जू घासतं, तो बैलाचा खांदा तूप-हळदीनं चोळतात. आईला मशीनचीही तीच जागा हवी होती, जिथं भार पडतो ती. बाकी सगळ्यांनी कुंकू लावलं होतं समोरच्या चकचकीत पाटीवर. मी तिला मागच्या बाजूला नेऊन बेडखालचं बेअरिंग दाखवलं. ती खाली बसली आणि तिथं बोटानं हळद लावली. इतकी वर्षं त्या मशीनवर काम करून माझ्या मनात हा प्रश्न कधी आला नव्हता. पुढे माणसांकडे बघतानाही तो येऊ लागला. घरात भार कुणावर पडतो? पाळीचा डबा पहाटे साडेचारला कोण भरतं? बायकोला मी "तुझ्यामुळे झालं" असं पहिल्यांदा म्हणालो ते त्या दसऱ्याच्या दिवशी. तिनं आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

आता हेतूबद्दल. हे आमचं निगडीचं प्राधिकरण एका हेतूनं वसलं. कारखान्यात राबणाऱ्या माणसाला परवडणारं घर मिळावं म्हणून १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. त्याआधी १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली होती, साठच्या दशकात एमआयडीसी आली, आणि सातारा, सांगली, मराठवाडा, विदर्भातून आमच्यासारखी पोरं एक ट्रंक घेऊन इथे उतरली. आमचा हेतू विचाराल तर गावी मनीऑर्डर. पण तो पुरा झाल्यावर काय, हा प्रश्न निवृत्तीनंतर मला फार छळू लागला. रोज सकाळी दुर्गा टेकडीवर जाऊन बसायचो. हातांना काम नव्हतं.

उत्तर मला रस्त्यावरच मिळालं. तुकोबांची पालखी देहूहून निघते ती आमच्या निगडीतूनच आकुर्डीच्या मुक्कामी जाते. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये हा पालखी सोहळा सुरू केला. भक्ती-शक्ती चौकात, शिवाजी महाराज आणि तुकोबांच्या भेटीचं शिल्प आहे तिथे, पालखीचं स्वागत होतं. आजूबाजूला कुणी पाणी वाटतं, कुणी चपला शिवून देतं, कुणी पाय चोळून देतं. मी तेलाची बाटली घेऊन पाय चोळणाऱ्यांत बसलो. एक आजी आल्या, डोक्यावर तुळस, टाचांना भेगा. मी म्हटलं, "आजी, पंढरपूर अजून फार लांब आहे, जमेल ना?" त्या म्हणाल्या, "पंढरपूर कुठं आज? आज आकुर्डी."

वीस दिवसांच्या आसपासची वाट, अडीचशे किलोमीटरच्या घरात, आणि बाईचं लक्ष संध्याकाळच्या मुक्कामावर. पंढरपूर त्या विसरल्या नव्हत्या. तुळस डोक्यावर होतीच. पण पाय आजच्या रस्त्यावर होते. मी मात्र टेकडीवर बसून उरलेल्या सगळ्या आयुष्याचा हेतू एकदम शोधत होतो.

तुकोबांचीही एक गोष्ट मला फिटर म्हणून फार जवळची वाटते. घरी सावकारी होती. परंपरा असं सांगते की त्यांनी कर्जखतांची वाटणी केली, भावाचा वाटा भावाला दिला आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडली. लोक याला वैराग्य म्हणतात. मला त्यात नेमकं काम सुरू करण्याआधी बाक मोकळा करणारा कारागीरही दिसतो. दुसऱ्याकडून येणं असलेले पैसे मनात मोजत बसलेल्या माणसाला भंडाऱ्याच्या डोंगरावर बसून काय साधणार होतं? आणि ज्यांची खतं बुडाली, त्या कुळांच्या घरी त्या रात्री काय झालं असेल, हे मनात आलं की माझे डोळे भरून येतात.

मलाही माझी आजची आकुर्डी सापडली आहे. दर रविवारी शेजारचा एक मुलगा माझ्याकडे येतो. आयटीआयला फिटर ट्रेड करतो. गॅलरीत व्हाईस बसवला आहे. पोलादाचा तुकडा फाईलनं घासून सपाट करायचा, एवढंच त्याला शिकवतो. नवशिक्याचे हात झुलतात, तुकडा मधे उंच राहतो, दोन्ही कडा उतरतात. मग जाड काचेवर निळा रंग पुसट लावायचा आणि तुकडा त्यावर फिरवायचा. जिथं निळं उठतं ती जागा उंच, तेवढीच घासायची. पुन्हा रंग, पुन्हा फाईल. सुरुवातीला तो दर पाच मिनिटांनी मोबाईल बघायचा. मी कधी रागावलो नाही. त्याला त्या चार सह्यांची गोष्ट सांगितली, एवढंच.

गेल्या रविवारी तीन तास झाले आणि निळा रंग पहिल्यांदाच या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखा उठला. तो बराच वेळ तुकड्याकडे बघत राहिला. मग मी काही न सांगता त्यानं तारेचा ब्रश घेतला, फाईलच्या दातांत अडकलेला चुरा काढला, खडू घासला आणि फाईल फडक्यात गुंडाळून जागेवर ठेवली. जाताना विचारलं, "काका, ही फाईल किती जुनी आहे? आधी कुणाची होती?"