नदीचा हिशेब

पूर आला की आपली नजर काठच्या बांधावर खिळते; परंतु त्या पाण्याची जमा ज्या मुलखात होते तो पाणलोट काठावरून दिसत नाही, आणि त्या मुलखाच्या नोंदींवरून नदीची चाल ओळखावयास शिकविणारे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस हे कलकत्ता शहरचे. १९२२ साली उत्तर बंगालात महापूर आल्यावर अभियंत्यांनी पाणी थोपविणारे खर्चिक जलाशय बांधण्याची तजवीज मांडली. महालनोबिसांनी १८७० पासूनच्या पावसाच्या नोंदी दप्तरांतून काढून तहकिकात केली आणि येथे निकड पाण्याच्या त्वरित निचऱ्याची आहे, असे दाखविले. १९२६ साली ओरिसात ब्राह्मणी नदी फुगली, तेव्हा पात्र गाळाने चढले असल्याने बांध उंचवावे, अशी शिफारस झाली. पण साठेक वर्षांच्या आकड्यांत पात्र चढल्याचा पुरावा महालनोबिसांना आढळला नाही, कारण सापडले ते वरच्या पाणलोटातील अतिवृष्टीत.

या विद्येचा पाया किती साधा आहे! पाच इंच व्यासाच्या तोंडाचे पर्जन्यमापक, त्यातले पाणी रोज सकाळी ठरल्या वेळी काचेच्या मापात ओतणारा कोणी कारकून, आणि वहीतला एक आकडा. अशा अनाम माणसांच्या चिकाटीविषयी मला नितांत आदर वाटतो.

जेथे नदीचे मोजमापच झालेले नाही तेथे भूमीचा उतार, खडक, मृत्तिका, अरण्य आणि पर्जन्य यांवरून प्रवाहाचा अदमास बांधावा लागतो. छोटा नागपूरच्या कठीण खडकावरील उथळ मातीत पाऊस फारसा मुरत नाही, तो तडक दामोदरात उतरतो. तिस्तेला हिमालयाचे बर्फही पाणी पुरविते. आणि आपल्या सह्याद्रीत महाबळेश्वरी कोसळणारा पाऊस पायथ्याच्या वाईला पोचेतो पार ओसरलेला असतो, म्हणून एकाच ठाण्याच्या आकड्यावर सबंध कृष्णेची जमाबंदी करता येत नाही.

दामोदरावर तर आता निराळाच पेच आहे. तिलैया, मैथन, पंचेत ही धरणे १९५३ ते १९५९ या काळात उभी राहिल्यापासून खाली दुर्गापुरास जे पाणी येते, त्याची वेळ आणि परिमाण बव्हंशी दरवाजांच्या हुकमाने ठरते. नदीची स्वाभाविक चाल तेथील मोजणीत उमटत नाही. खालच्या खोऱ्यातील शेतकऱ्याचे, मासळीचे आणि गाळाच्या वहनाचे भवितव्य मात्र त्या चालीशी निगडित आहे. म्हणून सोडलेल्या पाण्याच्या आकड्याशेजारीच, धरण नसते तर त्या दिवशी किती पाणी वाहिले असते याचा अदमासही रोजच्या रोज दप्तरी मांडला जावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.