डब्याचा आवाज
(दर्यापूर येथील शारदीय व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

कोजागरी चार दिवसांवर असताना घरची कामं टाकून आलेल्या मायबहिणींनो, बंधूंनो,

पत्रिकेत विषय 'लोकपरंपरा आणि छायाचित्रण' असा छापला आहे. मला त्यातलं एकच बोलायचं आहे. फोटोखाली काय लिहावं आणि ते कोणाच्या तोंडचं असावं? भुलाबाई म्हणजे काय, हे दर्यापुरात सांगायला नको. भाद्रपदी पौर्णिमेपासून महिनाभर, ज्वारीच्या पाच धांड्यांचा मांडव, त्यात भुलाबाई, भुलोजी आणि मांडीवर गणपती. पुण्याकडच्या भोंडल्यात मधे हत्ती असतो, आपल्याकडे हे जोडपं. इतकं पुरे.

आपल्या तालुक्यातल्या एका तरुण फोटोग्राफरनं सहा वर्षं गावोगाव फिरून भुलाबाईचे फोटो काढले. वडिलांच्या स्टुडिओतले जुने कृष्णधवल फोटोही त्यात घेतले. एकूण 84. पुस्तकाची डमी घेऊन तो माझ्याकडे आला. म्हणाला, "मॅडम, प्रत्येक फोटोखाली दोन-दोन ओळी द्या. छान लिहा." मी लिहायला बसले. सोनेरी सांज, माहेरची ओढ, निरागस कुतूहल. चाळीसेक झाल्या, आणि मग मी ती डमी आमच्या ओळखीच्या एका आजीला दाखवली. ऐंशीच्या पुढचं वय, जन्म शेतमजुरीत गेलेला.

एका फोटोत एक पोरगी झाकणाचा डबा छातीशी धरून उभी आहे, भोवती पाच-सहा जणी. आजीनं चष्मा वर सरकवला आणि म्हणाली, "काहून व बाई, डब्बा दाखोला, पन त्याचा आवाज तं दाखोलाच नाई!"

(टाळ्या)

थांबा, टाळ्या आजीच्या आहेत, मी पोचवीन. डब्यातली खिरापत ओळखायची ती आवाजावरून, हे मला ठाऊक होतं. लहानपणी मीही ओळखली होती. तरी खाली लिहिलं काय, तर 'निरागस कुतूहल'. आजी मात्र सांगतच गेली. फुटाणे खडखडतात. लाह्या वाजल्या न वाजल्यासारख्या. शिरा एकदाच धप्पकन आपटतो आणि गप्प बसतो. हुशार आई डब्यात फडकं कोंबते, म्हणजे आवाज दबतो. मग बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट निघाली. घरात खिरापतीला काही नव्हतं आणि लेक रुसून बसली होती. आजीनं मूठभर चिंचोके भाजले आणि डब्यात टाकले. त्या संध्याकाळी साऱ्या पोट्ट्यांनी चणे म्हटलं, शेंगदाणे म्हटलं, गूळ-खोबरं म्हटलं. एकीलाही ओळखता आलं नाही. "माह्या पोरीचा डब्बा त्या साली कोनाले हारला नाई," असं म्हणताना आजीचा चेहरा काय झाला होता, ते मला सांगता येत नाही. चिंचोके खाऊन काढलेल्या दिवसांतली ती जीत होती. सांगा, हे कोणत्या लेन्समधून दिसलं असतं?

आणखी एक. दुसऱ्या फोटोवर तिनं बोट ठेवलं. "हे धांडे जवारीचे नाईत. मक्याचे हायेत." फोटोग्राफरला विचारलं, तर खरंच. त्या गावात ज्वारी पेरणं बंद झालं आहे. सोयाबीन, कपाशी, तूर, हरभरा. ज्वारी पेरली तर रानडुकरं ठेवत नाहीत. पोरींनी मग मका शोधून आणला. फोटोखाली हे लिहिलं नाही, तर पन्नास वर्षांनी कोणी अभ्यासक म्हणेल की वऱ्हाडात भुलाबाईचा मांडव मक्याचा असे.

मागून कोणीतरी म्हणालं, "फोटो स्वतःच बोलतो." बोलतो ना. पण त्याच्या तोंडी आपण काहीही घालू शकतो. अमेरिकेत 1937 साली एर्स्किन काल्डवेल आणि मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी दक्षिणेतल्या गरीब कुळांवर पुस्तक काढलं. फोटोंखाली त्या माणसांची म्हणून जी वाक्यं छापली, ती लेखकांनीच रचलेली होती, आणि तसं त्यांनी पुस्तकात कबूलही केलं. दोनच वर्षांनी डोरोथिया लँग आणि तिचा नवरा पॉल टेलर यांनी स्थलांतरित शेतकऱ्यांवरच्या पुस्तकात ठरवून उलटं केलं. फोटोतली माणसं जे बोलली, तेच छापलं. मला हाच रस्ता खरा वाटतो, आणि आजीला भेटल्यापासून दुसरा रस्ता मला मान्यच नाही.

पण त्याच लँगनं 1936 साली कॅलिफोर्नियात एका आईचा फोटो काढला. मुलं खांद्याला बिलगलेली, हात गालाशी. जगभर गेलेला फोटो. त्या बाईचं नाव तिनं विचारलंच नाही. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव जगाला कळलं 1978 साली. बेचाळीस वर्षं ती बाई नुसती 'स्थलांतरित माता' होती. आपल्या वर्तमानपत्रांच्या फोटोओळीत आजही 'पारंपरिक वेशातील महिला' असते. तिला नाव नसतं?

आपल्याकडे चांगलं काम झालेलं नाही, असं नाही. संदेश भंडारे तमाशाच्या फडांबरोबर हिंडले. त्यांचं 'तमाशा : एक रांगडी गंमत' 2006 साली लोकवाङ्मय गृहानं काढलं. अशी पुस्तकं जवळ ठेवून...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणता? बरं, पाचात आटोपते. भंडाऱ्यांवर अजून बोलायचं होतं, ते राहिलं.

एकाच आक्षेपाला उत्तर देते. वऱ्हाडी बोलीत छापलं तर बाहेर कळणार नाही, असं मला एका प्रकाशकानं सांगितलं. उद्धव शेळक्यांची 'धग' 1960 साली आली. तिच्यातली माणसं आपल्यासारखीच बोलतात, आणि ती साऱ्या महाराष्ट्रानं वाचली. काही शब्द अडतील. शेवटी दोन पानांची शब्दसूची देऊ. आजीचं 'काहून' मी 'का' करणार नाही.

माझ्या चाळीस ओळी मी काढून टाकल्या आहेत. आता तो फोटोग्राफर आणि मी प्रत्येक फोटो घेऊन त्या-त्या गावात परत जातो, माणसं शोधतो, ती बोलतात ते लिहून घेतो आणि त्यांना वाचून दाखवतो. 'हो, असंच म्हटलं' असं आलं, तरच छापायचं.

डमी मागच्या टेबलावर ठेवली आहे. स्टुडिओच्या जुन्या फोटोंपैकी 11 फोटोंतल्या मुलींची नावं अजून मिळालेली नाहीत. फोटो याच भागातले आहेत, त्या मुली आज पन्नाशी-साठीच्या असतील, कदाचित या सभागृहातही बसल्या असतील. जाताना जरा बघून जा. कोणी ओळखू आली, तर वहीत नाव लिहा. आणि त्या वर्षी डब्यात काय होतं, तेही.