तटाआधीचा दरवाजा



मध्ययुगीन वास्तूंवरच्या या परिषदेत छत्रपती संभाजीनगरकरांच्या वतीने मी आपलं मनापासून स्वागत करतो. स्वागताध्यक्षाने आटोपशीर बोलावं असा संकेत आहे. दुपारच्या पंगतीत नान खलिया आहे, हे कळल्यावर तो मोडण्याची माझी छाती नाही.

आमचं गाव बावन्न दरवाज्यांचं म्हणवतं. ही संख्या गणतीची की कौतुकाची, या वादात मी शिरत नाही. मी बोलणार आहे एकाच दरवाज्याबद्दल, आमच्या भडकल गेटबद्दल.

लहानपणी हबशातून गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कारभार हाती घेणारा मलिक अंबर. त्याने १६१० साली खडकी या नावाने हे शहर वसवलं आणि मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून १६१२मध्ये हा दरवाजा उभारला. शहराचा आज दिसणारा तट औरंगजेबाचा, १६८२ सालचा. म्हणजे दरवाजा आधी आणि हा तट ७० वर्षांनी! त्यामुळे प्रत्येक वेस शत्रूला अडवायलाच बांधली, असं धरून चालणाऱ्यांना भडकल गेटपाशी जरा थांबावं लागतं. याने कुणाला अडवण्यापेक्षा येणाऱ्याला बजावलं असावं, असं मला वाटतं.

बांधवणाऱ्याचं नाव आपण लिहून ठेवतो. पाथरवटाचं कुणी लिहीत नाही. काळा पाषाण छिन्नीला सहजी दाद देत नाही. कमानीचा प्रत्येक दगड पाचरीसारखा घडवायचा, खाली लाकडी आधार देऊन दोन्ही बाजूंनी चढवत न्यायचा आणि माथ्यावरचा मधला दगड बसल्यावरच आधार काढायचा. त्या वेळी खाली उभ्या असलेल्या गवंड्याच्या मनात काय चाललं असेल? चुना बैलांच्या घाण्यात मळलेला. जिथे खरंच अडवायचं असे, त्या वेशींना जाड लाकडी दारं, आत अडसर, पहारेकऱ्यांना देवड्या आणि हत्तीच्या मस्तकाच्या उंचीला लोखंडी अणकुचीदार खिळे. सुतार आणि लोहार दोघांचीही तिथे परीक्षा.

आज भडकल गेटपाशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. १४ एप्रिलला तिथे लोटणारी गर्दी पाहिली, की दरवाजा संग्रहालयात गेलेला नाही याचा आनंद होतो. मात्र वेशींच्या पायथ्याशी दर डांबरीकरणात रस्ता उंचावतो आणि कमान तेवढी खुजी होते. याबद्दल परिषदेने नुसता ठराव करू नये. रस्ता खोदून मूळ पातळी दाखवायचा आराखडा द्यावा. पाठपुराव्याला आम्ही स्थानिक आहोत.

उद्या सकाळी साडेसहाला चहा घेऊन आपण भडकल गेटला निघू. उशीर केलात, तर कमानीकडे मान वर करून पाहायला रिक्षावाले सवड देत नाहीत. परतल्यावर नाश्ता, आणि पहिलं सत्र बरोबर दहाला.