कोण, कोणाला, कुठल्या प्रसंगी

अनुवादक मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्ष म्हणून थेट मुद्द्यावर येते. इंग्रजीतली रोजच्या बोलण्यातली वाक्यं हिब्रूत न्यायचं काम येतं, तेव्हा बहुधा हातात पडते ती नुसती यादी. डावीकडे इंग्रजी वाक्य, उजवीकडे रिकामा रकाना. अशी यादी घेऊन आपण कामाला बसूच नये, असं माझं ठाम मत आहे.

'आय लव्ह यू' घ्या. पुरुष बाईला म्हणेल 'अनी ओहेव ओताख', बाई पुरुषाला 'अनी ओहेवेत ओतखा'. बाप मुलाला म्हणेल 'अनी ओहेव ओतखा', आई लेकीला 'अनी ओहेवेत ओताख'. बोलताना चार रूपं झाली. पण रोजच्या हिब्रू लिखाणात स्वरचिन्हं देत नाहीत, आणि 'ओताख' व 'ओतखा' यांची अक्षरं तीच. त्यामुळे कागदावर दोनच रूपं उरतात. सबटायटलमध्ये निभावून गेलेलं वाक्य डबिंगला बसलं की अडतं, कारण तिथे कलाकाराला तोंड उघडावं लागतं. बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, हे यादीने सांगितलेलंच नसतं.

प्रसंगाचंही तेच. गर्दीत धक्का लागला तर 'स्लिखा' म्हणावं. पण ज्यांच्या घरी माणूस गेलंय, त्यांना इंग्रजीतलं तेच 'सॉरी' म्हणून 'स्लिखा' कसं म्हणणार? तिथे 'तुमच्या दुःखात सहभागी आहे' अशा अर्थाचं बोलतात. पुरुष 'मिश्तातेफ' म्हणतो, बाई 'मिश्तातेफेत'. 'गुड लक'च्या पुढे 'मझल तोव' लिहिलेलं पाहिलं की मला फार वाईट वाटतं. शब्दाला शब्द जुळतो, पण 'मझल तोव' म्हणतात ते लग्न ठरल्यावर, बाळ झाल्यावर, पदवी मिळाल्यावर. परीक्षेला निघालेल्या मुलीला 'बेहत्सलाखा' म्हणायला हवं.

काळही पाहावा लागतो. 'ॲट द एन्ड ऑफ द डे'वरून आलेलं 'बेसोफो शेल योम' आज इस्रायलमध्ये सर्रास ऐकू येतं. शुद्धतेच्या आग्रहाने ते खोडू नये. आजच्या तेल अवीवमधल्या माणसाच्या तोंडी ते शोभतं. मात्र हिब्रूला पुन्हा बोलीभाषा करण्यासाठी झटलेले एलिएझर बेन-येहुदा 1881 मध्ये पॅलेस्टाइनला गेले, त्या पिढीच्या पात्राच्या तोंडी ते घातलं तर सगळं सोंग उघडं पडेल.

या कामात मराठी माणसाची बाजू भक्कम आहे, हे मला अभिमानाने सांगायचंय. 'आय हॅव अ फीव्हर'चं हिब्रू 'येश ली खोम', म्हणजे सरळ 'मला ताप आहे'. मालकी दाखवणारं क्रियापद त्यांनाही लागत नाही, आपल्यालाही नाही. 'तू आलास' आणि 'तू आलीस' हा भेद दोन्हीकडे आहे. मधे इंग्रजी आली की तो पुसला जातो, आणि पुढच्या अनुवादकाला अंदाज बांधत बसावं लागतं. हिब्रूत नाही ते आपलं आदरार्थी 'तुम्ही'. आजोबांनाही 'अता', म्हणजे 'तू'च. तेव्हा हिब्रूतून मराठीत येताना घरातली नाती आपण ठरवायची. इंग्रजी पाठ ती सांगणार नाही.

इंग्रजीला मधे न घेता या दोन भाषा शेजारी नांदल्याचा पुरावा आपल्याच मातीत आहे. कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंसाठी हिब्रू पाठासोबत मराठी अनुवाद असलेली हग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री घरी वाचायची पोथी, 1846 मध्ये मुंबईत आणि 1874 मध्ये पुण्यात छापली गेली. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. आज इस्रायलमधल्या अश्दोद, दिमोना, लोद इथे याच समाजातली मराठी बोलणारी ज्येष्ठ मंडळी आहेत, आणि घरात दोन्ही भाषा चालवायचा त्यांचा सराव कुठल्याही कोशात सापडणार नाही.

म्हणून दोन कामं मी या व्यासपीठावरून मागते. पहिलं, यापुढे यादी स्वीकारताना प्रत्येक वाक्यासमोर बोलणारा, ऐकणारा, प्रसंग आणि ते वाक्य छापायचं की ऐकवायचं, ही माहिती मागायची. मिळाली नाही तर काम परत पाठवायचं. दुसरं, या ज्येष्ठांच्या तोंडची हिब्रू-मराठी वाक्यं त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करायची, प्रसंगाची नोंद ठेवून. त्यासाठी तरुण सभासदांनी आजच सभा संपताच माझ्याकडे नावं द्यावीत.