खिशातील टिपणवही

(सुवर्ण महोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लेखी गोषवारा)



व्याख्यानमालेत मोठमोठे विषय असताना मी मोबाईलमधील साध्या टिपणवहीसारखा लहान विषय निवडला, याचे काहींना नवल वाटेल. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापड व्यापारी. जे रोज हाताळतो त्याविषयीच बोलावे, एवढाच माझा अधिकार आहे.

आपल्या पेढ्यांवर पूर्वी तीन प्रकारच्या वह्या असत. घडेल ते घडेल तसे टिपण्याची कच्ची वही, तारखेवार जमाखर्चाचा रोजमेळ आणि खातेवार मांडणीची खतावणी. ही व्यवस्था केवळ आपल्याकडेच होती असे नाही. इटलीतील लुका पाचोली या गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिस येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात व्यापाऱ्याने ठेवावयाच्या अशाच तीन वह्यांचे वर्णन केले आहे. त्यांतील पहिली स्मरणवही. लहानमोठा प्रत्येक व्यवहार घडताक्षणी तीत लिहावा, मालक नसेल तर नोकराने किंवा घरातील स्त्रियांनी लिहावा, असे तो सांगतो. नीटनेटकी मांडणी पुढच्या वह्यांत होत असे. आधी टिपून ठेवावे, नंतर सवडीने लावावे, हे त्यामागचे तत्त्व.

संगणक आले, हिशोबाच्या प्रणाली आल्या आणि रोजमेळ-खतावणी यंत्रात गेली. कच्ची वही मात्र मधल्यामध्ये नाहीशी झाली. दलालाने सांगितलेला भाव, गिऱ्हाईकाने मागितलेला पन्हा, वाहतूकदाराकडील बिल्टीचा क्रमांक, ‘पुढच्या सोमवारी पाठवितो’ हा तोंडी शब्द, या गोष्टी हिशोबाच्या प्रणालीत बसत नाहीत. त्या चिठोऱ्यांवर, बिलाच्या मागे किंवा केवळ डोक्यात राहतात. ही रिकामी जागा खिशातील मोबाईल भरून काढू शकतो.

या विषयाचे गांभीर्य कळावे म्हणून एक उदाहरण देतो. माझ्या परिचयातील एका व्यापाऱ्याचे काही वर्षांपूर्वी अकस्मात निधन झाले. बिलांचे व्यवहार वहीत चोख होते. परंतु नमुन्यादाखल कोणाकडे किती ताके गेले, कोणाला किती दिवसांची मुदत दिली, कोणाकडून हातउसने काय घेतले, हे सर्व त्यांच्या स्मरणात होते आणि त्यांच्याबरोबरच गेले. पत्नी आणि महाविद्यालयात शिकणारा मुलगा कित्येक महिने लोकांना विचारीत फिरले. बहुतेकांनी प्रामाणिकपणे सांगितले. काहींना खरोखरच आठवत नव्हते. येणे बुडाले याची खंत त्या माउलीला होतीच; पण पतीकडून कोणाचे देणे तर राहिले नाही ना, या शंकेने तिची झोप उडाली होती. जो संकोचाने मागायला आलाच नाही, त्याला शोधणार कसा? रोजच्या दोन ओळी लिहिलेल्या असत्या, तर त्या घराचा हा भार हलका झाला असता.

आता साधनांकडे वळू. त्यासाठी पैसे खर्च करण्याची आवश्यकता नाही. ॲपलच्या आयफोनमध्ये २००७ पासून टिपणांचे ॲप आहे. गूगल कीप हे ॲप २०१३ साली आले. व्हॉट्सॲपमध्ये स्वतःलाच संदेश पाठविण्याची सोय २०२२ च्या अखेरीस मिळाली. तरुण मंडळी याहून अनेक गुंतागुंतीची ॲप सुचवितील. माझी कसोटी सोपी आहे. ॲप उघडताच कोरे पान समोर यावे, नेटवर्क नसतानाही लिहिता यावे, शोधल्यावर जुने टिपण सापडावे आणि फोन हरवला तरी मजकूर आपल्या खात्यात सुरक्षित राहावा. लिहिण्यापूर्वी दहा बटणे दाबावी लागली, तर गर्दीच्या वेळी कोणीही लिहिणार नाही.

मराठीत लिहिणे अवघड जाते, ही ज्येष्ठांची तक्रार मी नेहमी ऐकतो. गूगलने २०१७ मध्ये मराठीतून बोलून लिहिण्याची सोय उपलब्ध केली. कळफलकावरील ध्वनिमुद्रकाचे चिन्ह दाबावे आणि सावकाश बोलावे. आकडे व नावे मात्र एकदा डोळ्यांखालून घालावीत, कारण ‘सात’ आणि ‘साठ’ यांत यंत्राची गफलत होऊ शकते.

लिहिण्याची पद्धत अशी ठेवावी. दर महिन्याचे एक टिपण करावे, रोज त्यात तारीख घालावी आणि त्याखाली एका विषयाला एक ओळ द्यावी. ओळीत व्यक्तीचे नाव, वस्तू, आकडा आणि मुदत एवढे पुरे. शोध घेताना यंत्र अक्षरे पाहते. म्हणून एका माणसाचे नाव नेहमी एकाच प्रकारे लिहावे आणि ‘उधारी’, ‘औषध’, ‘निरोप’ असे चारपाच शब्द ठरवून ओळीच्या आरंभी घालावेत. ऱ्हस्व-दीर्घ बदलले तरी टिपण सापडण्यास अडचण येते.

रात्री पाच मिनिटे देऊन खतावणी करावी. रक्कम हिशोबात न्यावी, तारीख दिनदर्शिकेत न्यावी, पुरे झालेल्या कामापुढे खूण करावी. ही पाच मिनिटे टाळली, तर टिपणवही म्हणजे चिठोऱ्यांचा दुसरा डबा होईल.

काही पथ्येही पाळावीत. बँकेचा पिन, परवलीचा शब्द किंवा ओटीपी टिपणात कधीही लिहू नये. फोनला कुलूप असावे. टिपण हे हिशोबाच्या वहीला पर्याय नाही. २०१७ च्या वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशोब आणि कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात, ते बंधन वेगळेच. दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेली खासगी गोष्टही लिहिण्यापूर्वी विचार करावा.

कंपनीची सेवा चिरंतन नसते, हेही ध्यानात ठेवावे. गूगल नोटबुक नावाची अशीच एक सेवा २०१२ मध्ये बंद झाली. म्हणून वर्षातून एकदा, दिवाळीत नव्या वह्या घालताना, आपली सर्व टिपणे उतरवून घ्यावीत. गूगलच्या खात्यातून ती टेकआउट या सोयीने मिळतात. त्यांतील महत्त्वाची पाने छापून कपाटात ठेवावीत. आपल्याकडील जुन्या मोडी वह्या आज वाचणारे थोडे उरले आहेत. पण कागद टिकला म्हणून निदान वाचणारा शोधता येतो.

आता त्या कुटुंबाच्या उदाहरणातून निघणारा प्रश्न. कुलूपबंद फोनमध्ये टिपणे असतील, तर घरच्यांना त्यांचा काय उपयोग? येण्या-देण्याचे टिपण पत्नीबरोबर किंवा मुलाबरोबर सामायिक करावे; कीपमध्ये ती सोय आहे. शिवाय २०१३ पासून गूगलने आणखी एक व्यवस्था केली आहे. आपले खाते ठरावीक काळ वापरले गेले नाही, तर त्यातील निवडक माहिती कोणाला मिळावी, हे आपण आधीच नोंदवून ठेवू शकतो. मृत्युपत्राविषयी बोलण्यास आपण कचरतो. निदान एवढे तरी करावे.

भगिनींनी हा विषय केवळ दुकानाचा समजू नये. सासऱ्यांचा रक्तदाब कोणत्या दिवशी किती होता, कोणत्या गोळीने अंगावर पुरळ आले, ताप केव्हा चढला, हे डॉक्टर विचारतात तेव्हा घाबरलेल्या माणसाला आठवत नाही. तारखेसह लिहिलेली एक ओळ तेथे औषधाइतकीच उपयोगी पडते. भावाभावांतील कित्येक वादही ‘मी असे म्हणालोच नव्हतो’ या वाक्यापासून सुरू होतात. बोलणे झाल्याबरोबर दोघांनी मिळून दोन ओळी लिहिल्या, तर त्यांत अविश्वास नसून एकमेकांच्या शब्दाचा मान आहे.

तरुणांना माझी विनंती आहे की, आजी-आजोबांच्या फोनवर हे ॲप आज घालून द्यावे, अक्षरे मोठी करावीत आणि आठवडाभर शेजारी बसून सराव करून घ्यावा. ज्येष्ठांना विनंती आहे की, आज रात्री झोपण्यापूर्वी आजची तारीख घालून आपल्याकडून कोणाचे काय येणे आहे, ही एकच ओळ लिहावी. आपले देणे आपल्या स्मरणशक्तीवर अवलंबून ठेवू नये.