दिवेलागणीचा दीड तास

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



निकाल, शिष्यवृत्त्या, वसतिगृह यांविषयी या व्यासपीठावरून नेहमी बोलले जाते. आज मी आपल्या घराविषयी बोलणार आहे. मुलाचे निम्मे शिक्षण घरात होते, आणि ते शिक्षण देणारी माणसे हल्ली घरी असूनही घरात नसतात. दस्तरखान अंथरलेला असतो, पाच माणसे बसलेली असतात, आणि पाचही जणांची नजर आपापल्या मोबाइलवर खिळलेली असते.

मुंबईला दूरदर्शन आले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. तेव्हाही मुले बिघडतील अशी ओरड झाली. परंतु त्या काळी मोहल्ल्यात एखाद्याच घरी संच असे. शेजारपाजारची माणसे तेथे जमत, एकत्र हसत आणि कार्यक्रम संपला की उठून घरी जात. मोबाइलची गोष्ट निराळी आहे. तो प्रत्येकाच्या हातात वेगळा आहे आणि त्यातला कार्यक्रम कधी संपतच नाही. एक चित्रफीत संपण्याच्या आत दुसरी हजर होते. ही केवळ आपल्या मनाची दुर्बलता नव्हे. आपण जितका वेळ पाहू तितक्या जाहिराती खपतात, म्हणून तो मुद्दामच तसा घडविलेला आहे.

२०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि शाळाच मोबाइलवर भरू लागली. ज्या घरात एकच फोन होता, त्या घरानेही पोटाला चिमटा घेऊन दुसरा घेतला. तो खर्च शिक्षणासाठी होता, त्यात गैर काहीच नव्हते. पुढे शाळा उघडल्या. पण फोन मुलांच्या हातून परत आला नाही.

माता-भगिनींना एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सूचना दिल्या, त्यांत एक वर्षाखालील बाळाला पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसातून एक तासाहून अधिक दाखवू नये, असे सांगितले आहे. यामागील कारण साधे आहे. मूल बोबडे बोलते, आई उत्तर देते, मूल पुन्हा बोलते. या देवघेवीतून भाषा येते. पडदा बोलतो पुष्कळ, पण मुलाचे ऐकून उत्तर देत नाही. कामाच्या रगाड्यात मुलाला गप्प बसविण्यासाठी फोन द्यावा लागतो, हे मी जाणतो. म्हणून दोष आईला न देता, त्या वेळी मूल सांभाळावयास घरातील आणखी कोणी पुढे का होत नाही, हे विचारले पाहिजे.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. आपल्या कोकणातील कितीतरी बाप कुवेत, सौदी, दुबईत राबतात. मुलाचा चेहरा त्यांना दिसतो तो मोबाइलमुळेच. तेथे हा पडदा म्हणजे घराची खिडकी आहे. ती बंद करा असे कोण म्हणेल? परंतु तोच बाप रजेवर घरी येतो, मोजके दिवस राहतो, आणि मुलगा शेजारी बसून फोनमध्ये गुंग असतो. किंवा बापच असतो. समुद्रापलीकडून जे जवळ होते, ते एका चटईवर दूर झाले, तर कमावले काय?

यावर उपाय आपल्याच महाराष्ट्रातील एका खेड्याने करून दाखविला. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथील ग्रामस्थांनी ऑगस्ट २०२२ मध्ये सभा घेऊन ठरविले की, संध्याकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजला की साऱ्या गावाने मोबाइल व टीव्ही बंद ठेवावयाचे, ते साडेआठपर्यंत. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, बोलावे. प्रारंभी लोक हसले. मग अंगणवाडी सेविका, आशा सेविका व निवृत्त शिक्षक घरोघर फिरले आणि समजावले. यातील मर्म असे की, बंधन एकट्या मुलांवर नव्हते. ते साऱ्या गावावर होते.

आपल्यापाशी तर वेळ आयतीच ठरलेली आहे. मगरिबच्या नमाजानंतरचा दीड तास घराला द्या. सर्वांचे फोन एका डब्यात ठेवा, आणि पहिला फोन वडिलांचा असू द्या. परदेशातील माणसाचा फोन त्या वेळी येत असेल तर तो सर्वांनी मिळून घ्या. रात्री फोन उशाशी नको, बाहेरच्या खोलीत असू द्या. विद्यार्थी मित्रांनो, अभ्यासासाठी फोन लागतो हे खरे. तर काय पाहावयाचे ते आधी कागदावर लिहा आणि तेवढे झाले की तो खाली ठेवा. उरलेल्या वेळात दादी-नानीपाशी बसा. त्यांच्या आठवणी कोणत्याही यंत्रात साठविलेल्या नाहीत. त्या त्यांच्याबरोबरच जातील.

पहिले आठ दिवस जड जातील, घरात बोलावयास विषयही सापडणार नाही. तरीही बसा. मूल आपल्या मनातले तुम्हांला सांगावयास येते, ते तुमची मान वर असली तरच. चार वेळा ती खाली दिसली की पाचव्यांदा ते येत नाही.